मध्यरात्री फुप्फुसांत पाणी आणि सकाळी किडनी बंद : अतितीव्र रक्तदाबाविषयी एका पत्नीच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. 52 वर्षांच्या एका गृहस्थांना आठ वर्षांपासून रक्तदाब आहे, तंबाखूची सवय आहे आणि बरे वाटू लागले की गोळ्या सुटत असत. पाच महिन्यांपूर्वी एकदा आणि आता पुन्हा, रात्री झोपेतून उठून त्यांना एकाएकी धाप लागली. या खेपेला रुग्णालयात पोहोचले तेव्हा रक्तदाब 228/132 होता, दोन्ही फुप्फुसांत पाणी होते आणि क्रिएटिनिन (किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) 3.8 निघाले. लघवी कमी झाल्यामुळे दोन वेळा डायलिसिस करावे लागले. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग मात्र 60 टक्के, म्हणजे चांगले आहे आणि पहिल्या वेळी केलेली हृदयाची अँजिओग्राफीही चांगली होती. मधल्या काळात टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू केली होती, पण क्रिएटिनिन 1.5 वरून 2.7 वर गेल्याने ती थांबवली. सोनोग्राफीत उजवी किडनी 10.2 सेंमी आणि डावी 8.1 सेंमी आहे. पत्नीने विचारले आहे की हृदय चांगले असताना फुप्फुसांत पाणी कसे झाले, किडनी कायमची गेली का, आणि आता रोजच्या सहा-सात गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार का.

आपण आजाराचा क्रम तारखांसह आणि आकड्यांसह लिहिलात हे फार चांगले झाले, कारण या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्या आकड्यांतच आहे. आपल्या यजमानांना हृदयाचा एक, फुप्फुसांचा दुसरा आणि किडनीचा तिसरा असे तीन आजार झालेले नाहीत. एकच प्रक्रिया तीन ठिकाणी दिसली आहे, आणि तिचे मूळ किडनीला रक्त नेणाऱ्या धमन्यांत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. असे का वाटते ते आधी सांगतो.

फुप्फुसांपासून सुरुवात करू. नातेवाईक पुष्कळदा विचारतात की छातीतले पाणी सुई घालून का काढत नाहीत. सुईने निघते ते फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साठलेले पाणी. इथे पाणी प्रत्यक्ष फुप्फुसातल्या वायुकोशांत उतरलेले असते. फुप्फुसातून शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि तिथून महाधमनीत ढकलले जाते. वर्षानुवर्षे वाढलेल्या रक्तदाबाशी झुंजून डाव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठर होते. असे हृदय आकुंचन उत्तम पावते, म्हणून इकोमध्ये 60 टक्के आकडा येतो. त्याला सैल होणे मात्र जमत नाही. समोरचा दाब एकाएकी 220 च्या वर गेला की ताठर कप्प्यातला दाबही चढतो, तो मागे फुप्फुसाच्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, आणि तिथे एरवी 8 ते 12 असणारा दाब 25 च्या पुढे गेला की रक्तातले पाणी वायुकोशांत झिरपू लागते. यात अंगावर आधी सूज यायलाच हवी असे नाही. पाय अगदी कोरडे असलेला माणूस तासाभरात गुदमरू लागतो. असे रुग्ण झटक्याच्या वेळी आणि नंतर एक ते तीन दिवसांनी इको करून तपासले गेले आहेत, आणि बहुतेकांचे पंपिंग दोन्ही वेळा जवळजवळ सारखेच निघाले. तेव्हा ‘पंपिंग चांगले आहे, म्हणजे हृदयाला काही नाही’ हा निष्कर्ष बरोबर नाही. इकोच्या अहवालात डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी आणि हृदय सैल होण्याविषयीचा शेरा काय आहे तेही वाचावे. रात्रीची वेळही योगायोगाची नाही. आडवे झाल्यावर पायांकडचे रक्त छातीकडे परतते. शिवाय घोरताना श्वास अडकणाऱ्या माणसांचा रक्तदाब झोपेतच उसळतो. यजमान मोठ्याने घोरत असतील तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता किडनी. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो, आणि आतल्या नाजूक गाळण्यांवर जास्त दाब येऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाशी असलेल्या बारीक धमन्या गरजेप्रमाणे आवळतात किंवा सैलावतात. रक्तदाब एका मर्यादेपलीकडे गेला की हे नियंत्रण तुटते. बारीक धमन्यांचे अस्तर फाटते, भिंतीत रक्तातली प्रथिने शिरतात, आतून मार्ग अरुंद होत जातो. त्या अरुंद जागेतून जाताना लाल पेशींचे तुकडेही होतात, म्हणून अशा वेळी रक्ताची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याला महत्त्व आहे. रक्त कमी पोहोचले की किडनीची अशी समजूत होते की शरीरातच रक्त कमी पडते आहे. ती रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन हे धमन्या आवळणारे द्रव्य तयार होते, धमन्या आणखी आवळल्या जातात, मीठ आणि पाणी अडवले जाते आणि रक्तदाब पुन्हा चढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही. औषधे नव्हती त्या काळात याचा शेवट काय होत असे, याची नोंद अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी 1939 मध्ये करून ठेवली आहे : डोळ्याच्या पडद्याच्या नसेला सूज येण्याइतपत तीव्र रक्तदाब असलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाचातले चार वर्षभरात दगावत. पैसा आणि डॉक्टर यांची कमतरता नसलेल्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची मार्च 1944 मध्ये तपासणी झाली तेव्हा रक्तदाब 186/108 होता आणि हृदय थकल्याची लक्षणे होती. डॉक्टरांच्या हाती डिजिटालिस हे हृदयाचे जुने औषध, विश्रांती आणि कमी मीठ यांपलीकडे फारसे काही नव्हते. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा नोंदलेला आकडा 300/190 होता. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि जगाचे त्या वनस्पतीकडे लक्ष गेले. पण ते औषधही असल्या झटक्याला पुरे पडणारे नव्हते. आज सहा गोळ्यांची तक्रार करता येते हे त्या मानाने बरेच म्हणायचे.

आता आपल्या यजमानांच्या बाबतीतली विशेष गोष्ट. आपण पाठवलेल्या मजकुरात चार खुणा आहेत, त्या सुट्या पाहिल्या तर प्रत्येकीला दुसरे स्पष्टीकरण देता येते, पण एकत्र आल्या की त्यांचा रोख एकाच दिशेला असतो. पंपिंग चांगले असूनही फुप्फुसांत पुन्हा पुन्हा पाणी होणे, टेल्मिसार्टन दिल्यावर क्रिएटिनिन एकदम वाढणे, दोन किडन्यांच्या लांबीत दोन सेंटीमीटरचा फरक असणे, आणि तंबाखू. दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की लहान किडनीला बराच काळ रक्त कमी मिळत असावे अशी शंका घ्यायची असते. हा फरक सोनोग्राफीच्या अहवालात दोन वेगळ्या ओळींत छापलेला असतो आणि खाली निष्कर्षात पुष्कळदा त्याचा उल्लेखही नसतो, म्हणून तो नजरेतून निसटतो.

हॅरी गोल्डब्लाट या शास्त्रज्ञाने 1934 मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमन्यांना चिमटा लावून कायमचा रक्तदाब निर्माण करून दाखवला होता. त्या धाग्याने पुढे जे कळले ते आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. एकाच किडनीची धमनी अरुंद असेल तर रक्तदाब वाढतो, पण दुसरी निरोगी किडनी वाढलेल्या दाबामुळे जास्तीचे मीठ-पाणी लघवीतून बाहेर टाकत राहते. दोन्ही बाजूंच्या धमन्या अरुंद असतील, किंवा कामाची किडनी एकच असून तिचीच धमनी अरुंद असेल, तर ही वाट बंद होते. रक्तदाबही वाढतो आणि पाणीही साठते, आणि ताठर हृदयामागे असलेली फुप्फुसे भरून येतात. थॉमस पिकरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, म्हणून या अवस्थेला आता त्यांच्या नावाने ओळखतात. टेल्मिसार्टनचे कोडेही इथेच सुटते. अरुंद धमनीच्या पुढे असलेली किडनी गाळण्याचा दाब टिकवण्यासाठी अँजिओटेन्सिनचा आधार घेते. टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल ही औषधे अँजिओटेन्सिनला रोखून तो आधार काढून घेतात. ही औषधे किडनीला विषारी नाहीत, उलट मधुमेही किडनीत ती मोलाची आहेत. पण सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन 30 टक्क्यांहून जास्त वाढले तर नुसती गोळी बंद करून चालत नाही, ते का वाढले याचा शोध घ्यावा लागतो. आपल्याकडे तेवढा शोध राहून गेलेला दिसतो.

म्हणून पुढची तपासणी किडनीच्या धमन्यांची. अनुभवी रेडिओलॉजिस्टकडून, उपाशीपोटी, रंगीत डॉपलर (धमनीतला रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) हा पहिला टप्पा. पोटात वायू असला किंवा माणूस स्थूल असला तर तो नीट होत नाही आणि मग ‘साधारण’ म्हणून आलेल्या अहवालावर विसंबू नये. सी. टी. अँजिओग्राफीने चित्र स्वच्छ दिसते, पण तिला लागणारे आयोडीनयुक्त औषध दुबळ्या किडनीला सोसत नाही, आणि एम. आर. आय.साठीची काही औषधे किडनी फार कमकुवत असताना टाळावी लागतात. यातले काय, केव्हा करायचे हे क्रिएटिनिनचा कल पाहून आपले किडनीतज्ज्ञ ठरवतील. या वयात आणि तंबाखूच्या सवयीत धमनीच्या आत मेदाचे थर जमणे हेच बहुधा कारण असते. हाच प्रकार पंचविशीतल्या मुलीत दिसला असता तर मी आधी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली असती, कारण आपल्या देशात तरुण वयात किडनीच्या धमन्या अरुंद होण्यामागे ताकायासूचा धमनीदाह वारंवार सापडतो. त्यात एका हाताची नाडी क्षीण असते आणि त्या हातावर रक्तदाब खोटाच कमी भरतो. आपणही यजमानांचा दाब एकदा दोन्ही हातांवर मोजून घ्या आणि ज्या हातावर जास्त येतो तोच हात पुढे वापरा.

धमनी अरुंद निघाली तर स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी, टाकायचा का? हा वादाचा विषय आहे. 2009 आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्ट्राल आणि कोरल या दोन मोठ्या चाचण्यांत, सरसकट सर्व रुग्णांचा विचार करता, गोळ्यांवर स्टेंटची भर घालून विशेष लाभ दिसला नाही. त्यामुळे धमनी अरुंद दिसली की स्टेंट, हा जुना उत्साह ओसरला आणि ते योग्यच झाले. पण फुप्फुसांत वारंवार एकाएकी पाणी होणारे रुग्ण त्या चाचण्यांत फारसे नव्हते. या ठरावीक गटात धमनी उघडल्यावर झटके थांबतात असा अनुभव आहे आणि मार्गदर्शक तत्त्वेही इथे स्टेंटचा विचार करायला सांगतात. माझे मत असे आहे की दोन्ही धमन्या किंवा निदान उजवी धमनी लक्षणीय अरुंद निघाली तर इथे स्टेंट करण्यासारखे आहे. डावी किडनी 8 सेंटीमीटरवर आली आहे, म्हणजे तिचा बराच भाग आधीच सुकला आहे. तिच्यावर खर्च आणि जोखीम करून फारसे हाती लागेलसे वाटत नाही. जी किडनी जपायची ती उजवी. ती उघडल्यावर टेल्मिसार्टनसारखे औषध कमी मात्रेत, पोटॅशियम आणि क्रिएटिनिनवर लक्ष ठेवून, पुन्हा सुरू करताही येते.

त्याआधी आणखी काही शक्यता तपासून बाजूला ठेवाव्या लागतात. थुंकीतून रक्त येत असेल आणि हिमोग्लोबिन झपाट्याने उतरत असेल तर फुप्फुसांत पाणी नसून रक्तस्राव असू शकतो. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच फुप्फुसांवर आणि किडनीवर उलटते अशा आजारांत हे होते आणि त्यांचे उपचार पूर्ण वेगळे असतात. लघवीत लाल पेशी आणि भरपूर प्रथिने असतील तर मूळ आजार किडनीच्या गाळण्यांचा असून रक्तदाब त्याचा परिणाम असू शकतो. किडनीच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीचे आजारही कारण असू शकतात. आणि औषधे आहेत : गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेले डायक्लोफेनॅक, स्टेरॉइड, रोज जेष्ठमध घालून केलेला काढा. शेवटची गोष्ट ‘आयुर्वेदिक आहे’ म्हणून डॉक्टरांना कोणी सांगत नाही, पण जेष्ठमध जास्त दिवस घेतले तर पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो.

रुग्णालयात दाब किती वेगाने उतरवला, अशी शंकाही आपण घेतली आहे. 228 चा दाब लगेच 120 वर का आणला नाही, याचे कारण असे की जुन्या रक्तदाबाच्या माणसाचा मेंदू आणि किडनी वरच्या दाबालाच सरावलेली असतात. एकदम खाली आणल्यास त्यांना रक्त अपुरे पडून पक्षाघात होऊ शकतो. सर्वसाधारण नियम पहिल्या तासात सरासरी दाब जास्तीत जास्त एक चतुर्थांश उतरवण्याचा, पुढच्या काही तासांत 160/100 च्या आसपास आणण्याचा आणि बाकीचे एक-दोन दिवसांत करण्याचा आहे. फुप्फुसांत पाणी असताना मात्र थोडी घाई करावी लागते आणि वरचा आकडा लवकरच 140 च्या आसपास आणतात. शिरेतून नायट्रोग्लिसरीन, बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा) घट्ट मुखवटा, बसती अवस्था आणि लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड, हे झाले ते योग्यच झाले. निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली थेंब टाकण्याची पद्धत अजून कुठे कुठे दिसते. तिने दाब किती आणि कधी कोसळेल याचा नेम नसतो आणि 1990 च्या दशकातच ती धोकादायक ठरवली गेली आहे; घरी असा उपाय कोणी सुचवला तरी करू नका. तसेच, केवळ 190 आकडा दिसला, पण धाप नाही, छातीत दुखत नाही, दृष्टी किंवा बोलणे बदललेले नाही, अशा वेळी पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजा आणि चुकलेली गोळी असेल तर ती देऊन डॉक्टरांना फोन करा. अवयवांवर परिणाम दिसत असेल तर मात्र आकडा 180 असला तरी क्षणभर थांबू नका.

किडनी कायमची गेली का, याचे उत्तर आज देणे घाईचे होईल. दाब आटोक्यात आल्यावर क्रिएटिनिन पहिले काही दिवस थोडे वाढतेसुद्धा, आणि तेवढ्याने घाबरून दाब वर राहू देणे चूक असते. तीव्र रक्तदाबामुळे डायलिसिसवर आलेल्या काही रुग्णांची किडनी तीन महिन्यांनी, कधी वर्षभरानेही, डायलिसिस सोडण्याइतकी सावरते, अट एकच की मधल्या काळात दाब सातत्याने आटोक्यात राहिला पाहिजे. म्हणून डायलिसिस चालू असले तरी रोजची लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहा. ती वाढू लागणे ही पहिली चांगली खूण. डायलिसिस दीर्घकाळ लागलेच तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याची सोय आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागदपत्रे विचारून ठेवा.

गोळ्यांविषयी. संख्या पुढे कमी होऊ शकते, विशेषतः धमनी उघडता आली तर. पण कोणती कमी करायची हे घरी ठरवू नका. त्यांच्या गोळ्यांच्या यादीत क्लोनिडीन आहे आणि ती एकाएकी बंद केल्यास दाब पहिल्यापेक्षाही वर उसळतो. गावाला जाताना पाकीट विसरणे एवढ्या कारणाने अतिदक्षता विभागात आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. यादीतल्या सिल्निडिपिन, टॉर्सेमाइड आणि कार्व्हेडिलॉल यांची कामे वेगवेगळी आहेत, एक गोळी दुसरीची जागा घेत नाही.

आहारात सर्वांत जास्त चुका चांगल्या हेतूने होतात. दिवसभरात सगळे मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत हवे, आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, सुके बोंबील आणि बेकरीची खारी हे सगळे धरलेले आहे. सैंधव हे मीठच आहे. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम असते; निरोगी किडनीच्या माणसाला ते उपयोगी असले तरी क्रिएटिनिन 3.8 असताना त्याने हृदयाचा ठोका बिघडू शकतो. भेटायला येणारे नातेवाईक नारळपाणी घेऊन येतील, तेही त्याच कारणाने सध्या देऊ नका. आणि ‘किडनी साफ व्हायला भरपूर पाणी’ हा सल्ला तर यजमानांना थेट पुन्हा बायपॅपवर नेईल : पाणी, चहा, ताक, आमटी धरून दिवसाची मर्यादा किती हे लघवीच्या मापावरून डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तंबाखू पूर्ण बंद, मिश्रीसुद्धा.

रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर वजन करा आणि सकाळ-संध्याकाळ रक्तदाब त्याच वहीत लिहा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढले, झोपताना एका उशीऐवजी दोन लागू लागल्या, आडवे झाल्यावर कोरडा खोकला सुरू झाला किंवा लघवी एकदम कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा. रात्री पुन्हा तशीच धाप लागली तर त्यांना पाय खाली सोडून बसते करा, आडवे करू नका, पाणी पाजू नका, 108 ला फोन लावा आणि सोबत ही वही, गोळ्यांची पाकिटे आणि तो सोनोग्राफीचा अहवाल घ्या. तिथल्या डॉक्टरांना दोन्ही किडन्यांच्या लांबीची ओळ स्वतः दाखवा आणि टेल्मिसार्टननंतर क्रिएटिनिन वाढल्याचेही सांगा.